शेततळ्याचा तळ : अस्तरावर मातीचा थर देण्याची रीत

महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि गावोगावी शेततळ्यांचा प्रसार झाला. वर्धा जिल्ह्यात सरासरी हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. पुढील आठ महिन्यांत तूर, हरभरा किंवा संत्र्याच्या बागेला एखादे संरक्षक पाणी मिळावे, हा शेततळ्याचा पहिला हेतू. साठविलेल्या त्याच पाण्यात मासळीचे पीक घेता येते, हा दुसरा लाभ होय.

हा दुसरा लाभ मिळविताना एक अडचण आढळते. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात पाणी टिकते, बोटुकली सोडली जाते, खाद्यही पडते. तरी मासळी अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. पुष्कळदा याचा दोष बियाण्याला दिला जातो. परंतु १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून चांगल्या बियाण्यासाठी नदीच्या पुरावर विसंबण्याचे दिवस संपले आहेत. अस्तराच्या तळ्यात उणीव असते ती बहुधा तळाची. तिथे पाणी आहे, पण पाण्याखाली जमीन नाही.

तळाचे कार्य

शेतात जे काम जमीन करते, तेच काम तळ्यात तळाची माती करते. मातीतील चिकणकण स्फुरद, अमोनिया, चुना इत्यादी द्रव्ये धरून ठेवतात व हळूहळू पाण्यात सोडतात. त्यांच्या आधारे पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी पोसतात आणि या दोहोंवर, म्हणजे प्लवकावर, मासे वाढतात. पाण्यास जी हिरवट झाक येते ती या प्लवकाचीच. मृगळ व सायप्रिनस हे मासे तर तळाशीच चरणारे आहेत. मातीतील कुजका पाला, किडे व अळ्या हे त्यांचे अन्न होय.

याखेरीज माती आणखी एक काम करते. मेलेले प्लवक, माशांची विष्ठा, उरलेले खाद्य व घातलेले शेण हे सर्व शेवटी तळाशी येऊन बसते. मातीतील जिवाणू त्याचे विघटन करून पुन्हा खत बनवितात. तळाशी नुसते प्लॅस्टिक असल्यास हा माल एका जागी साचतो, त्याचा बुळबुळीत थर होतो आणि तो कुजताना पाण्यातील प्राणवायू भराभर खर्च होतो. म्हणून नुसत्या अस्तरावर शेणाच्या पाट्या ओतणे हा उपाय नव्हे. आधी माती, मग खत, हाच क्रम योग्य आहे.

अस्तर कोठे लागते

वर्धा जिल्ह्यातील जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. वर्धा व वणा नद्यांच्या काठी, तसेच देवळी, हिंगणघाट व समुद्रपूर या तालुक्यांच्या सखल भागात काळी माती खोल आहे. उलट आर्वी, आष्टी व कारंजा भागातील चढाच्या जमिनीत मातीचा थर पातळ असून थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. तीन मीटर खोदाईत मुरूम उघडा पडला की पाणी झिरपून जाते. अशा जागी अस्तर घालणे भाग पडते.

जेथे तीन मीटरपर्यंत चिकण काळी माती लागते आणि पाणी टिकते, तेथे अस्तराचा खर्च करण्याचे कारण नाही. तेथील तळ मुळातच चांगला असतो. पुढे सांगितलेली थर देण्याची रीत अस्तराच्या तळ्यासाठी आहे. खत, पाणी व देखरेख यांविषयीच्या सूचना मात्र दोन्ही प्रकारच्या तळ्यांना लागू पडतात.

कोणती माती घ्यावी

सर्वांत स्वस्त व सोयीची माती तळ्याच्या खोदाईतच निघते. खोदताना मातीचे तीन ढीग वेगळे करावेत. वरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा नांगरटीचा थर एका बाजूस, त्याखालची स्वच्छ काळी माती दुसऱ्या बाजूस आणि मुरूम तिसऱ्या बाजूस टाकावा. तळासाठी मधला ढीग वापरावा. मुरूम बांधाच्या कामी येतो व वरचा थर हलक्या शेतात पसरता येतो.

वरची माती सुपीक असूनही ती टाळावी असे सांगण्याचे कारण महत्त्वाचे आहे. आपला जिल्हा कपाशीचा आहे. कपाशीवर हंगामात वारंवार कीटकनाशके फवारली जातात आणि त्यांचे अवशेष वरच्या थरात राहतात. पिकाला न जाणवणारी मात्रा माशाला घातक ठरू शकते. विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे अत्यल्प प्रमाणातही मासे मारतात. म्हणून कपाशीच्या शेताची, फवारणीचे पंप धुण्याच्या जागेची किंवा औषधांचे डबे टाकलेल्या धुऱ्याची माती तळ्यात कदापि घालू नये.

खोदाईची माती उरली नसल्यास गावतळ्याचा किंवा धरणाचा गाळ वापरता येतो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ नेण्याची पद्धत शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली आहे. गाळ रीतसर परवानगीने आणावा. गावचे सांडपाणी मिळणाऱ्या नाल्याचा गाळ मात्र घेऊ नये.

मातीची परीक्षा

पुढील तीन परीक्षा गावातच करता येतात.

१. ओलसर माती हातात घेऊन अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबत तिची पट्टी काढावी. चार-पाच सेंटिमीटर पट्टी न तुटता निघाल्यास माती पुरेशी चिकण आहे.

२. मातीच्या ढेकळावर तीव्र व्हिनेगरचे किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. जोराने फेस आल्यास मातीत चुनखडी भरपूर आहे. अशी माती निरुपयोगी नसते. परंतु तिला वेगळा चुना देण्याची गरज नाही, हे यावरून कळते. आम्ल हाताळताना डोळे व हात जपावेत.

३. गाळाचा वास घ्यावा. सडक्या अंड्यासारखा वास आल्यास तो पसरून, उलथापालथ करून, वास जाईपर्यंत उन्हात वाळवावा.

याशिवाय मातीचा एक नमुना मृद परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावा. भारतातील मत्स्यतळ्यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तळाच्या मातीत अर्ध्या टक्क्याहून कमी सेंद्रिय कर्ब असल्यास उत्पादन कमी येते आणि दीड ते अडीच टक्के कर्ब उत्तम ठरतो. खोदाईतील मधल्या थरात कर्ब सहसा कमी असतो. म्हणून त्यात कुजलेले खत मिसळावे लागते.

काचेच्या टाकीतील प्रात्यक्षिक

माती विषारी आहे काय, हे वासाने किंवा रंगाने कळत नाही. त्यासाठी तळ्यात माती घालण्यापूर्वी, एप्रिल महिन्यात, काचेच्या टाकीत तिची चाचणी घ्यावी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही टाकी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवल्यास तळाचे कार्य सर्वांना डोळ्यांनी पाहता येईल.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३५ सेंटिमीटर उंच असावी. ती सपाट व भक्कम पाटावर, थेट ऊन लागणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवावी. भरलेली टाकी उचलू नये. निवडलेली माती वाळवून चाळावी, काड्या व मुळे काढावीत व पाणी शिंपडून ती ओलसर करावी. तळाशी तिचा ३ सेंटिमीटरचा थर द्यावा. यास सुमारे साडेपाच लिटर माती लागते. त्यावर नदीची जाड रेती, निथळणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन, अडीच सेंटिमीटर जाडीने पसरावी. ती सुमारे साडेचार लिटर लागते. आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस येणारी रेती वापरू नये, कारण तिच्यातील चुन्यामुळे पाणी जड होत जाते. थर मागील बाजूस किंचित उंच ठेवल्यास तळ नीट दिसतो.

रेतीचे काम माती दाबून ठेवण्याचे आहे. ती नसल्यास काळी माती पाण्यात उधळते व कित्येक दिवस खाली बसत नाही. प्रथम रेती भिजेल एवढेच पाणी घालावे. मग गावतळ्यातील हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया यांची निरोगी रोपे धुऊन आणावीत आणि मुळे मातीपर्यंत पोचतील अशी लावावीत. व्हॅलिस्नेरियाचा गड्डा रेतीत पुरू नये, तो कुजतो. त्यानंतर रेतीवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडावे. पंचवीस सेंटिमीटर उंचीपर्यंत सुमारे ४५ लिटर पाणी मावते. नळाचे पाणी असल्यास ते एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.

तीन आठवडे टाकीचे निरीक्षण करावे. पाणी निवळून वनस्पतींना नवे कोंब फुटले तर माती जिवंत आहे. तळातून वरचेवर मोठे बुडबुडे येऊन दुर्गंधी सुटल्यास मातीत न कुजलेला माल जास्त आहे. ती आणखी वाळवावी. त्यानंतर टाकीत चार-पाच गप्पी मासे सोडावेत. डासांच्या निर्मूलनासाठी आरोग्य विभाग हे मासे पाळतो. आठवडाभर ते चपळ राहिले तर माती तळ्यात घालण्यास हरकत नाही. मासे गिरक्या घेऊ लागले किंवा मेले तर दुसऱ्या मातीने तीच चाचणी पुन्हा घ्यावी व ती उतरेपर्यंत तळ्यात माती टाकू नये. हजारो लिटर पाणी भरल्यानंतर चूक कळण्यापेक्षा ४५ लिटर पाण्यात ती कळलेली बरी.

माती किती लागेल

तोंडाशी ३० मीटर लांब-रुंद, ३ मीटर खोल व बाजूंचा उतार दीडास एक असलेले तळे घेतल्यास त्याचा तळ २१ मीटर लांब-रुंद, म्हणजे ४४१ चौरस मीटर भरतो. बसलेल्या मातीचा १५ सेंटिमीटरचा थर हवा असल्यास सुमारे ६६ घनमीटर माती लागते. सैल माती दबते, म्हणून चौथाई अधिक धरून सुमारे ८३ घनमीटर, म्हणजे २९ ते ३० ब्रास माती ठेवावी.

एवढ्या मातीने ओलिताचे पाणी कमी होईल, अशी शंका काही शेतकरी काढतात. या मापाच्या तळ्यात सुमारे १,९७० घनमीटर पाणी मावते. त्यातील ६६ घनमीटर जागा मातीने घेतल्यास साठा साडेतीन टक्क्यांहूनही कमी घटतो. मासळीसाठी तळाशी काही पाणी शेवटपर्यंत राखावेच लागते, हे लक्षात घेता ही घट नगण्य आहे. शिवाय मातीने झाकलेल्या तळाच्या अस्तरास ऊन लागत नाही व ते अधिक काळ टिकते.

थर देण्याची रीत

हे काम मे महिन्यात, तळे कोरडे असताना करावे.

१. अस्तर झाडून पाहावे. छिद्र किंवा सुटलेला सांधा असल्यास तो आधी दुरुस्त करून घ्यावा; माती पडल्यानंतर तो सापडत नाही.

२. माती चाळून घ्यावी. खडे, काच, खिळे आणि विशेषतः पऱ्हाटी व तुरीचे खुंट वेचून काढावेत. एक टोकदार खुंट पाचशे मायक्रॉनच्या अस्तरालाही भोक पाडण्यास पुरेसा आहे.

३. ट्रॅक्टर, बैलगाडी किंवा लोखंडी फावडे अस्तरावर नेऊ नये. माती काठावरून घमेल्यांनी उतरवावी व लाकडी फळीने पसरावी. उतरण्याच्या वाटेवर पोती अंथरावीत.

४. वाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत मातीत बाहेरच मिसळावे. मातीच्या दर दहा घमेल्यांस एक घमेले हे प्रमाण पुरते.

५. प्रथम निम्मी माती पसरून पाणी शिंपडावे व पायांनी हलके दाबावे. मग उरलेली माती पसरावी. थर सपाट तळावरच द्यावा. उतारावर माती टिकत नाही, ती घसरून पाणी गढूळ करते.

६. पाणी ज्या जागी पडणार तेथे पोत्यांच्या दोन-तीन घड्यांवर सपाट, कडा घासलेल्या फरशा मांडाव्यात. धार थेट मातीवर पडू देऊ नये.

येथे एक सूचना अवश्य पाळावी. ओल्या अस्तरावर माणसाचा पाय ठरत नाही. पोहता येणाराही काठावर चढू शकत नाही. म्हणून तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला असावा आणि भोवती कुंपण असावे. ही व्यवस्था झाल्याशिवाय तळ्यात पाणी घेऊ नये. घरातील मुले व जनावरे यांच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

चुना व खते

मत्स्यसंवर्धनाच्या माहितीपत्रकांत हेक्टरी दोनशे ते पाचशे किलो चुना देण्याची शिफारस असते. ही शिफारस आम्लधर्मी जमिनी ध्यानात घेऊन केलेली असते. वर्ध्याची काळी माती बहुधा विम्लधर्मी व चुनायुक्त आहे. सामू साडेसातच्या वर असल्यास चुना घालणे व्यर्थ होय. जादा चुन्याने स्फुरद बांधला जातो व प्लवकास मिळत नाही. जुना, दुर्गंधीयुक्त गाळ वापरला असेल तर मात्र निर्जंतुकीकरणासाठी ४४१ चौरस मीटर तळास सुमारे नऊ किलो चुना भुरभुरावा. चुना व शेण एकाच वेळी देऊ नये. दोहोंत किमान आठवड्याचे अंतर ठेवावे.

याच तळ्याचे पाण्याचे क्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे नऊ गुंठे होते. पाणी भरल्यावर पहिला हप्ता म्हणून १८० किलो ताजे शेण पाण्यात कालवून सर्वत्र शिंपडावे. सिंगल सुपर फॉस्फेट दरमहा दोन किलो, दोन हप्त्यांत, पाण्यात भिजवून द्यावे. चुनायुक्त मातीत एकदम दिलेला स्फुरद वाया जातो, म्हणून हप्ते लहान असावेत.

पाणी व बोटुकली

पावसाचे पहिले पाणी तळ्यात घेऊ नये. त्यात शेतातील औषधांचे अंश वाहून येतात. कपाशीच्या शेतातून येणारा ओहोळ बांध घालून कायमचा वळवावा. प्रथम ३० सेंटिमीटर पाणी सावकाश घ्यावे, तीन-चार दिवस माती बसू द्यावी, मग तळे भरावे.

पाण्यास हिरवट झाक येण्यास साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. त्याची परीक्षा सोपी आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळवा अंधुक दिसत असेल तर प्लवक योग्य आहे. स्पष्ट दिसल्यास खत कमी पडले. मुळीच न दिसल्यास खत थांबवावे. परंतु पाणी हिरवे नसून मातकट असेल तर तळवा न दिसणे ही सुपीकतेची खूण नव्हे. अशा वेळी पाणी निवळू द्यावे.

हेक्टरी पाच हजार या प्रमाणाने या तळ्यास ४५० बोटुकली पुरते. कटला १८०, रोहू १३५ व मृगळ १३५ असे वाटप करावे. पहिल्या वर्षी सायप्रिनस टाळावा; तो तळ उकरतो आणि नव्या थराची माती पाण्यात मिसळते.

तळ्यातील वनस्पती

टाकीत वनस्पती हव्याशा वाटतात, पण तळ्यात त्यांना मोकळीक देऊ नये. हायड्रिला माजल्यास ती खताचे अन्न खाते, प्लवक हटविते व जाळे ओढता येत नाही. दिवसा ती प्राणवायू देते, परंतु रात्री तोच प्राणवायू वापरते. तिने तळ्याचा चतुर्थांश भाग व्यापण्यापूर्वीच ती काढावी किंवा गवत्या मासा थोड्या संख्येने सोडावा. पाणकणसासारख्या टोकदार कंदमुळांच्या वनस्पती दिसताच उपटाव्यात. त्यांचे कोंब अस्तर भेदू शकतात.

तळ बिघडल्याची लक्षणे

पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर प्राणवायू कमी पडला असे समजावे. ढगाळ दिवसांनंतर हे विशेष घडते. त्या दिवशी शेण व खाद्य पूर्ण बंद करावे, ताजे पाणी उंचावरून सोडावे आणि पंपाने तळ्यातील पाणी वर उडवून परत पाडावे. उशीर झाल्यास वर्षभराची मासळी एका सकाळी जाते.

हा प्रसंग टाळण्यासाठी दर पंधरवड्यास बोथट टोकाच्या बांबूने तळ हलकेच चाचपावा. सडक्या अंड्याच्या वासाचे बुडबुडे निघाल्यास खताचे प्रमाण जास्त झाले आहे. निरोगी तळाची वरची माती तपकिरी असते. खालची काळसर असली तरी चिंता नाही. काळेपणा वरपर्यंत आला म्हणजे तळाला श्वास पुरत नाही, असे जाणावे.

मार्च-एप्रिलमध्ये मासळी काढल्यावर तळ वाळू द्यावा. वर साचलेला मऊ गाळ फळीने ओढून काढावा व शेतात टाकावा. ते उत्तम खत आहे. तळाशी किमान दहा सेंटिमीटर माती राहू द्यावी आणि जेवढी काढली तेवढी मे महिन्यात पुन्हा भरून काढावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील अस्तराच्या तळ्यांची यादी करावी, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या तळ्यांपैकी एखादे तळे प्रात्यक्षिकासाठी निवडावे व शेजारच्या माती नसलेल्या तळ्याशी त्याची तुलना करावी. दोन्ही तळ्यांत बोटुकली सारखी, खाद्य सारखे व सोडण्याचा दिवस एकच असावा. दरमहा दहा-दहा मासे जाळ्याने काढून त्यांचे वजन वहीत नोंदवावे. ही वही चावडीवर वाचून दाखविल्यास तळाच्या मातीचा गुण शेतकऱ्यांना आपोआप पटेल.